काडेपेटी, कोयता आणि चिपर

रत्नागिरी जिल्ह्यात पडीक जमीन साफ करायला घेतली की तोडायला गडी मिळतो, नाहीतर ग्रासकटर मिळतो. तोडून पडलेल्या ढिगाचं काय करायचं याला मात्र पिढ्यानपिढ्या एकच उत्तर चालत आलंय, काडेपेटी. आता बाजारात दुसरं उत्तर आलंय. झुडपं, फांद्या, झावळ्या एका तोंडानं आत घ्यायच्या आणि दुसऱ्या तोंडानं त्यांचा चुरा बाहेर फेकायचा, असं यंत्र. कुणी त्याला चिपर म्हणतं, कुणी श्रेडर, कुणी सरळ कुट्टी मशीन. ते कुणी घ्यावं, कोणतं घ्यावं आणि मुळात घ्यावं का, यावर आमच्या शेजारच्या घरात चुलत्या-पुतणीचा वाद बरेच दिवस चालला. विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांपेक्षा मला त्या वादात जास्त सापडलं, म्हणून तो इथे मांडला आहे.

जमीन लांजा तालुक्यातली, चारेक एकर. खाली सपाटीला घर आणि भाताचा मळा, वर उतारावर जुनी हापूसची कलमं आणि काजू, त्याच्याही वर कातळाचा सडा. घरातली माणसं मुंबईला गेली, बेणणी थांबली आणि उतार रानाखाली गेला. घाणेरी, रानमोडी, करवंदीच्या जाळ्या, मधूनमधून ऐन-किंजळीची वर आलेली झाडं, बांधाला गिरिपुष्प. पुतणी आता कायमची परतली आहे आणि तिला बाग पुन्हा उभी करायची आहे. काकांनी सगळं आयुष्य इथेच काढलंय.

पुतणी : काका, माझं ठरलंय. ट्रॅक्टरवर चालणारा सहा इंची चिपर घ्यायचा. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला, पीटीओला, मिनिटाला ५४० फेरे मिळतात. ३५ एचपीच्या ट्रॅक्टरमधून तिथपर्यंत तीसेक एचपी पोचते. त्या ताकदीवर जड चक्र फिरायला लागलं की मांडीएवढी फांदीसुद्धा सरळ आत जाते. घ्यायचं तर एकदाच, आणि मोठं.

काका : ट्रॅक्टर भाड्यानं आणशील, ते ठीक. पण उतारावर चढवणार कुठून? आपल्या पाखाडीवर दोन माणसं जोडीनं चालली तर खांदे घासतात.

पुतणी : सड्यावरून रस्ता झालाय ना आता. ट्रॅक्टर वर उभा करायचा आणि तोडलेलं तिथे ओढून न्यायचं.

काका : चढावर? बाय, घाणेरीची एक जाळी वीस पावलं चढावर ओढून बघ आधी. वजन थोडं, पसारा फार. डोक्यावर मावत नाही, मोळी बांधता येत नाही, पावलापावलाला अडकते. यंत्र ढिगाकडे आलं पाहिजे. ढीग यंत्राकडे न्यायला लागलीस तर सगळे पैसे मजुरीतच संपतील.

पुतणी : मग ढीगच वर सड्याच्या कडेला घालू.

काका : तोडतेस उतारावर आणि ढीग सड्यावर, म्हणजे ओढणं आलंच की. आणि मला हे सांग, सहा इंचाची फांदी यंत्रात घालायची कशाला? सहा इंची ऐन म्हणजे उत्तम फाटी. न्हाणीघराची चूल वर्षभर त्यावरच पेटते. किंजळीचा सरळ सोट असेल तर मांडवाला वासा होतो. ते चिरून भुसा करायचा?

इथे काका वादात पुष्कळ पुढे गेले, असं मला वाटतं. मोठं यंत्र विकताना पहिली गोष्ट सांगितली जाते ती फांदीची जाडी. पण जाड लाकडाला घराच्या आसपास आधीच गिऱ्हाईक असतं. ज्याला गिऱ्हाईक नसतं, जे शेवटी पेटवलं जातं, ते जवळजवळ सगळं अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीचं असतं, आणि त्याची अडचण जाडीची नसते. ते वेडंवाकडं असतं, एकमेकांत गुंतलेलं असतं, त्याला आडव्या काटक्या असतात. म्हणून झाडोऱ्यासाठी यंत्र निवडताना एचपीच्या आधी तोंड बघावं. तोंड अरुंद असेल तर प्रत्येक फाटा कोयत्यानं छाटून सरळ करून द्यावा लागतो, आणि यंत्र चालवणाऱ्यापेक्षा छाटणाराच जास्त दमतो. आत ओढून घेणारे दातेरी रूळ असले तर गुंता दाबला जातो आणि एका गतीनं पात्यांपर्यंत जातो. ज्या यंत्रात रूळ नसतात आणि फांदी उतरत्या नळीतून आपोआप आत जाते, तिथे सरळ काठ्या छान जातात, घाणेरी मात्र तोंडातच अडून राहते.

जाडीच्या आकड्याबद्दलही एक सांगायला हवं. पत्रकावर तीन इंच छापलेलं असतं ते मऊ, ओल्या, सरळ फांदीसाठी. सुकलेल्या ऐनाला किंवा जुन्या करवंदीला ते यंत्र दोन इंचांवरच कण्हायला लागतं. छापील आकड्याच्या निम्मं ते दोन तृतीयांश धरून चालावं.

पुतणीनं ट्रॅक्टरचा हट्ट सोडला, पण यंत्राचा सोडला नाही. कोल्हापूरला जाऊन दोन-तीन यंत्रं बघून आली.

पुतणी : चाकावरचं, पेट्रोलचं, सात एचपीचं एक आहे. दोघं मिळून ढकलून नेऊ शकतात. तासाला दीड-दोन लिटर पेट्रोल खातं. विक्रेत्यानं चालवून दाखवलं, पाच मिनिटांत ढीग संपवला.

काका : कशाचा ढीग?

पुतणी : निलगिरीच्या काठ्यांचा.

काका : सरळ, ओल्या, सोललेल्यासारख्या. त्याला म्हणावं, आमची घाणेरी टेम्पोत घालून आणतो, करवंद आणतो, गिरिपुष्पाचा पाला आणतो, ते घालून दाखव. बैल घेताना आम्ही त्याला दुसऱ्याच्या शेतात नाही, आपल्या चिखलात चालवून बघायचो.

पुतणी : हे मात्र बरोबर. आणि विजेवरचंही होतं, स्वस्त आणि आवाज कमी.

काका : आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पंखा धड फिरत नाही.

पुतणी : हो, तीन एचपीची मोटर सिंगल फेजवर पंधराएक अँपिअर ओढते. उतारावर शंभर मीटर केबल टाकली की दाब आणखी पडतो, मोटर तापते. ते परसात ठेवून झावळ्यांपुरतं ठीक. आणि काका, झावळ्यांचं यंत्र वेगळं असतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. श्रेडरमध्ये बोथट लोखंडी हातोड्या फिरतात, त्या पाला, झावळी, केळीचं खुंट झोडपून मऊ करतात. चिपरमध्ये धारदार पाती असतात आणि समोर एक स्थिर पट्टी. पातं आणि पट्टी यांच्यात जेमतेम एक मिलिमीटरची फट. लाकूड त्या फटीत कापलं जातं. हातोड्यांत लाकूड घातलं तर यंत्र थरथरतं, पात्यांत ओला पाला घातला तर लगदा होऊन बसतो. दोन्ही एकात असलेलं यंत्र मिळतं, पण प्रत्येक बाजू थोडी कमीच.

काका : आणि कडबाकुट्टी?

पुतणी : कडबाकुट्टी फक्त चाऱ्यासाठी. लोक तिच्यात फांद्या घालतात आणि हात गमावतात.

हे सगळं ऐकूनही काकांचा मूळ आक्षेप हलला नव्हता. तो यंत्राच्या जातीचा नव्हताच.

काका : तू हे सगळं करतेस ते आग लावायची नाही म्हणून. पण आगीत वाईट काय आहे? आपली जमीन जांभ्याची, पावसानं धुऊन आंबट झालेली. राख घातली की तिचा आंबटपणा कमी होतो, माडाला पोटॅश मिळतं. भाताच्या राबाला कवळ, पातेरा, शेण पसरून भाजलं की तणाचं बी मरतं, रोप जोमानं येतं आणि उपटताना मूळ तुटत नाही. हे काय मी पुस्तकात वाचलं नाही.

पुतणी : राखेचं खरं आहे. पण उतारावर भाजलेल्या ढिगाची राख जूनच्या पहिल्या सरीत कुठे जाते? खाली ओढ्यात. आणि पाल्यातलं नत्र तर आधीच धुरातून गेलेलं असतं. ज्या जागी पेटवलं तिथे माती विटेसारखी भाजते, तिच्यात पाणी मुरत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघडी माती किती वाहून जात असेल?

काका : आम्ही पेटवतो ते वारा बघून, सकाळी, पाणी जवळ ठेवून.

पुतणी : तुम्ही, हो. सगळे नाही.

या वादात माझी बाजू ठरलेली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कोकणात फेब्रुवारी ते मे या काळात लागणारे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. कुणी बांध साफ करताना पेटवलेलं, कुणी गवत चांगलं यावं म्हणून सड्याला लावलेलं, कुणी टाकलेलं विडीचं थोटूक. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की ती आग सड्यावरचं वाळलेलं गवत धरून पळते. आमची काजूची बाग अशाच एका आगीत गेली. ती कुणी लावली हे सगळ्या वाडीला माहीत होतं आणि कुणी बोललं नाही, कारण प्रत्येक जण कधी ना कधी पेटवत आलेला. मोहोराचं झाड एका तासात जळतं आणि पुन्हा उत्पन्नावर यायला कित्येक वर्षं लागतात. आग काजूच्या खोडावरही चढते. जळालेलं झाड लगेच मरत नाही. पुढच्या वर्षी एका बाजूनं पालवतं, मालक आशेवर राहतो, आणि मग रोठ्याची अळी त्याला आतून पोखरून संपवते. पुतणी यंत्राचं बोलते तेव्हा तिच्या बोलण्यात मला बागेचं रक्षण आधी दिसतं, खत नंतर. उतारावर, सड्याच्या कडेला, होळीनंतर ढीग पेटवणं बंदच झालं पाहिजे. याबाबत तडजोड असू नये असं मला वाटतं.

काकांनी यावर वाद घातला नाही. पण चुऱ्याबद्दल त्यांना दुसऱ्या शंका होत्या.

काका : चुरा काढलास. घालणार कुठे?

पुतणी : कलमांच्या आळ्यात. आठ-दहा गाड्यांचा झाडोरा एका गाडीत बसतो एवढा चुरा होतो. चार बोटं जाड थर दिला की पाणी टिकतं, तण दबतं.

काका : लाकडाच्या भुशानं रोपं पिवळी पडतात. मी बघितलंय.

पुतणी : भुसा मातीत मिसळला होता ना? मातीत कालवलेलं लाकूड कुजताना जिवाणू आसपासचं नत्र खाऊन टाकतात. वर नुसता थर ठेवला तर तो परिणाम वरच्या बोटभर मातीपुरता राहतो, मुळांना लागत नाही. कॅनडात क्यूबेकच्या लावाल विद्यापीठात यावर पुष्कळ काम झालंय. त्यांचं म्हणणं, सात सेंटिमीटरपेक्षा बारीक फांद्यांचा चुरा घ्या. झाडाचं बहुतेक सत्त्व कोवळ्या फांद्यांत असतं, जाड लाकडात फार थोडं.

काका : म्हणजे जाड लाकूड चुलीत आणि बारीक तुझ्या यंत्रात. मग मी काय वेगळं सांगत होतो?

पुतणी : नाहीच. म्हणून तर सहा इंची सोडला.

काका : आणि वाळवी? आपल्याकडे कोरडं लाकूड जमिनीला टेकलं की आठवड्यात मातीचं घर चढतं. खोडाला चुना आणि गेरू लावून आम्ही तिला दूर ठेवतो, आणि तू तिचं जेवणच खोडाशी नेऊन ठेवणार.

पुतणी : खोडापासून दोन वीत जागा मोकळी ठेवायची. मोकळ्या मातीवरून घर चढायला लागलं तर लगेच दिसतं, काठीनं पाडता येतं.

काका : हापूसच्या मोठ्या झाडांना कधी घालणार? पाऊस गेल्यावर त्यांना ताण हवा. ऑक्टोबरात मुळाशी ओल राहिली तर मोहोराऐवजी पालवी येईल.

पुतणी : हे माझ्या डोक्यात नव्हतं.

काका : मोठ्या झाडांना फळ वाटाण्याएवढं झाल्यावर घाल. तेव्हा दापोलीवाले पाणीही द्यायला सांगतात, गळ कमी व्हावी म्हणून. नव्या कलमांना मात्र पाऊस संपता संपताच घाल, त्यांना ताणाचं काम नाही, जगायचं काम आहे.

दापोलीवाले म्हणजे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. कोकणातला बागायतदार त्याचं नाव असंच घेतो. जुन्या, उंच गेलेल्या आंब्यांची छाटणी करून त्यांचं पुनरुज्जीवन करण्याची शिफारस याच विद्यापीठाची, आणि ती केली की एका झाडाखाली फांद्यांचा डोंगर पडतो. झाडोऱ्याचा प्रश्न पडीक रानापुरता नाही. चांगली ठेवलेली बागही दरवर्षी तो निर्माण करते.

यंत्रात काय घालायचं नाही, यावर तर काकांनी पुतणीला शाळाच घेतली.

काका : उतारावर खाजकुयली आहे. तिच्या शेंगांची लव यंत्रातून उडाली तर दिवसभर अंगाची आग. आधी सबंध वेल, शेंगा फुटायच्या आत, काढून पुरायची. बिब्ब्याची फांदी घालू नकोस, चीक अंगावर उडाला तर फोड येतात. कुंपणाचा शेर आणि निवडुंग नाही, त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल. रोठा लागलेला काजू नाही. त्याच्या आत अळ्या असतात, तो फोडून चुलीत घालायचा.

पुतणी : आणि मुळासकट उपटलेलं काही नाही. मुळाला जांभ्याचे खडे असतात, तासाभरात पात्यांची धार जाते.

काका : मग घाणेरी उपटणार नाहीस? नुसती वरून तोडलीस तर पावसात दुप्पट फुटेल.

पुतणी : मूळ वेगळं, वरचं वेगळं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी कॉर्बेटमध्ये हेच केलं. घाणेरीचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडायचं, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली, आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. सुकलं की वरचा भाग यंत्रात, मुळाचा गड्डा तिथेच राहू दे.

काका : पहारीनं आम्ही तेच करायचो. बरं. पण फळं धरलेली घाणेरी चुरलीस तर बी सगळ्या बागेत पसरेल.

पुतणी : फुलाआधी तोडायची. रानमोडी तर दिवाळीच्या आतच. थंडीत तिचं बी वाऱ्यावर जातं.

काका : रानमोडीला यंत्र कशाला हवं? ती मऊ. तोडून आडवी टाकली आणि चार पावलं तिच्यावरून चाललं की एका पावसाळ्यात माती होते. आणि करवंदीच्या फांद्या उताराला आडव्या, ओळीनं रचून ठेव. वाहून आलेली माती त्यांच्यामागे साठते. काटे आहेत म्हणून गुरं त्यांवर पाय देत नाहीत. वईला शिरडंही त्याचीच लागतात.

मला या संवादातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच वाटली. दोघं मिळून ढीग वेगवेगळे करत होते. फाटी निघाली, वासे निघाले, वईची शिरडं निघाली, रानमोडी जागेवर आडवी झाली, करवंद उताराला आडवी लागली. यंत्रासाठी उरलं ते घाणेरीचं वरचं अंग, गिरिपुष्पाचे शेंडे, आंब्या-काजूची छाटणी आणि थोडा किरकोळ झाडोरा. सुरुवातीला दिसत होता त्या ढिगाच्या निम्म्याहून कमी. माझा सल्ला विचारला तर मी म्हणेन, यंत्र बघायला जाण्याआधी कोयता घेऊन हे वेगळं करणं एकदा पूर्ण करा. मग जे उरेल त्याच्यासाठी यंत्र बघा.

कायद्याचा मुद्दा मध्येच आला आणि लवकर संपला, पण तो सोडून चालणार नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानुसार ठरावीक जातींची झाडं खासगी जमिनीवरसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, आंबा, फणस ही त्यातलीच. झाडोरा साफ करण्याच्या नावाखाली ऐनाची मनगटाएवढी झाडं सरसकट जाऊ लागली तर तो गुन्हा होतो, आणि बागेचंही नुकसानच. काकांनी अशी झाडं आधी चुन्याची खूण करून वेगळी काढली.

पुतणी : आता विकत की भाड्यानं?

काका : पहिलं वर्ष रान काढशील तेव्हा काम खूप. पुढे? छाटणीनंतर आठ-दहा दिवस. बाकी वर्ष ते यंत्र पडवीत. आपल्या पावसात पडवीतल्या लोखंडाचं काय होतं ते तुला माहीत आहे.

पुतणी : शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला तर अनुदान मिळतं. महिला शेतकरी म्हणून, अल्पभूधारक म्हणून निम्म्यापर्यंत, त्यांच्या कमाल मर्यादेत.

काका : मग घेऊन टाकायचं आणि पावती जोडायची?

पुतणी : उलट. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी. आधी घेतलं तर अनुदान गेलं. आणि यंत्राचा सरकारी तपासणी अहवाल हवा. तो मागितला की कोणतं यंत्र खरंच तपासलंय आणि कोणावर नुसता रंग चढवलाय हे कळतं.

काका : वाडीत बारा घरांना कलमं आहेत. प्रत्येकानं एकेक घ्यायचं? बचत गटानं अवजार बँकेतून एक घ्यावं. ते थोडं मोठं घेता येईल, रूळवालं. चालवायला एकच माणूस ठेवायचा. बारा हातांनी चालवलेलं यंत्र महिन्यात मोडतं.

पुतणी : मोठं म्हणजे पुन्हा ट्रॅक्टर.

काका : पॉवर टिलरला जोडता येतं ना? टिलर आपल्या मळीत उतरतो, पाखाडीच्या वळणावरही उचलून वळवता येतो.

पुतणी : बारा-पंधरा एचपीचा टिलर आहे वाडीत. त्याला जुळणारं यंत्र मिळतं का, ते विचारते. पण माझी एक अट. पात्यांचा एक जोड कायम जादा ठेवायचा. आणि धार लावायला दोन्ही पाती एकदमच द्यायची. एक जास्त घासलं, दुसरं कमी, तर वजनात फरक पडतो आणि चक्र थरथरत बेअरिंग खातं. रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत सपाट घासून मिळतं का ते बघू.

काका : आणि माझी अट. बायका यंत्राजवळ काम करणार असतील तर साडीचा पदर, ओढणी, हातभर बांगड्या चालणार नाहीत.

पुतणी : पुरुषांचे सैल शर्ट आणि गळ्यातले टॉवेलही नाहीत.

काका : तेही नाहीत.

इथे थोडं थांबायला हवं. कारण या यंत्राचं बोलणं एचपी आणि इंचांतच संपतं आणि हाताबद्दल शेवटी दोन ओळी येतात. चिपरमधला अपघात क्षणात होतो. फांदी पात्यांनी धरली की ती हातातून ओढून नेते, आणि घाणेरीसारखी काटेरी फांदी जाताना आपल्या आकड्यांनी बाही धरून ठेवते. म्हणून काटेरी झाडोऱ्यासाठी यंत्र घेताना बाहेरच्या तोंडापासून पात्यापर्यंतचं अंतर मोजावं. ते पूर्ण लांब केलेल्या हातापेक्षा जास्त हवं. स्वस्तातल्या काही यंत्रांत नळी आखूड केलेली असते, तसली घेऊ नयेत. तोंडाशीच ढोपरानं किंवा मांडीनं दाबता येईल अशी थांबवणारी दांडी असावी, आणि रूळवालं असेल तर रूळ उलटे फिरवण्याची सोय असावी. फांदी जाड टोकाकडून घालायची आणि लगेच सोडायची. उभं राहायचं ते बाजूला, तोंडासमोर नाही. आखूड तुकडे हातानं नाही, लांब फांदीनं ढकलायचे. अडकलं तर आधी इंजिन बंद, मग प्लगची वायर काढायची, चक्र पूर्ण थांबू द्यायचं, आणि त्यानंतरच झाकण. चक्र जड असतं, इंजिन बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, हातात मनगटाशी घट्ट बसणारे मोजे. मजूर कितीही सरावाचा असो, हे सामान यंत्राबरोबरच विकत घ्यावं, नंतर बघू म्हणू नये.

वाडीची बैठक झाली. टिलरला जोडायचं, रूळवालं, अडीच-तीन इंचांपर्यंत खऱ्या अर्थानं चालणारं यंत्र गटानं घ्यावं असं ठरलं, आणि अर्ज पुतणीनं भरायचा. तोवर छाटणीच्या दिवसांत भाड्यानं आणायचं. सड्याच्या कडेनं पावसाळा संपताच सहा हात रुंद जाळरेषा साफ करायची, तिथलं गवत कापून खाली आणायचं, तिथे पेटवायचं नाही. उताराच्या वरच्या टोकाला करवंदीची एक पट्टी तशीच ठेवायची, हा काकांचा आग्रह पुतणीनं लगेच मान्य केला. तिथे ससे आहेत, कवड्यांची घरटी आहेत, आणि मे महिन्यात करवंदं.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलेलं नाही.

काका : खालच्या मळ्यातला राब मी भाजणार. घराजवळ, सपाटीला, सकाळी सातच्या आत, विहिरीला पाईप लावून.

पुतणी : चुरा घालून, न भाजता, थोड्या जागेत रोपं करून बघू या ना. अर्धा राब तुमचा, अर्धा माझा.

काका : चुऱ्यातून तण किती आलं ते तूच उपटायचंस.

पुतणी : मीच उपटते. पण तुमच्या अर्ध्या राबाला कवळ कुठून आणणार? गिरिपुष्प तर यंत्रात जाणार.

काका : गिरिपुष्पाची बांधावरची रांग माझी. यंत्राला उतारावरचं घे.